हाड भरेपर्यंत

बुरुलचा गुडघा पहिल्यांदा गेला तेव्हा तालमीचा हॉल माणसांनी भरलेला होता. दुसऱ्यांदा गेला तेव्हा ती ओढ्यात उभी होती आणि पाठीवर भावाची पोर होती.

पहिल्या खेपेची गोष्ट कोच्कोरच्या आसपास सगळ्यांना माहीत होती. सागिन सुताराची मुलगी बुरुल देशाच्या कुस्तीच्या चमूत होती आणि बिश्केकच्या तालमीत रोज दोनदा घाम गाळत होती. एक दिवस सरावात तिचा पाय गादीत रुतला आणि जोडीदारीण आडवी येऊन तिच्या गुडघ्यावर पडली. जाड कापड टराटरा फाटावं तसा आवाज झाला. बुरुलने तो कानांनी ऐकला नाही, आतून ऐकला. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याच्या मधोमध जो बंध असतो, पायाचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे निसटू देत नाही तो, तुटला. मग मांडीच्या मागच्या दोन शिरा काढून, त्यांची जुडी करून, हाडांना भोकं पाडून त्यातून ओवली आणि स्क्रूने घट्ट केली. वर्षभर गादीवर पाऊल ठेवू नकोस म्हणाले.

तालमीचे आगाय, म्हणजे तिचे गुरुजी, दवाखान्यात सफरचंदं घेऊन आले होते. म्हणाले, "तुझ्या जागेवर मी अजून कुणाला घेतलेलं नाही. पण जागा काही माझ्या बापाची नाही, बुरुल."

ती अर्ध्या वर्षाच्या आतच गादीवर उतरली. अल्माटीच्या स्पर्धेत तिसरी आली, पदक घेऊन गावात आली तेव्हा वडिलांनी मेंढा कापला. पुढच्या हिवाळ्यात गुडघा निसटायला लागला. सरळ चालताना काही नाही. पण अंग वळवलं, की पाय एकीकडे आणि ती दुसरीकडे. आगायनी काही दिवस पाहिलं, मग एक दिवस तिच्या वजनगटात तालासची एक पोरगी आणली. बुरुलला कुणी जा म्हणालं नाही. तीच आपलं गाठोडं बांधून घरी आली.

त्यानंतर ती गावच्या शाळेत खेळाची बाई झाली. गळ्यात शिट्टी अडकवून उभी राहायची. मुलांना कोलांटी मारायला सांगायची, पण मारून दाखवायची नाही. पोरं हुशार, तिच्या मागे तिच्यासारखी चालून दाखवायची, डावा पाय टाकण्याआधी जमिनीकडे बघून. लग्नाची बोलणी दोनदा आली आणि दोनदा चहावरच थांबली. हळूहळू लोकांना तिचं लंगडणंही दिसेनासं झालं, जसं अंगणातलं वाकडं झाड दिसेनासं होतं.

तो ओढा जैलूवरून, डोंगरातल्या उन्हाळी कुरणावरून, उतरतानाचा. उन्हाळाभर मेंढरं वरच्या कुरणात होती, आता थंडी उतरायला लागली म्हणून भाऊ तिलेकचं बिऱ्हाड खाली निघालं होतं. तिलेक स्वतः मॉस्कोत होता, बांधकामावर. त्यामुळे युर्त, म्हणजे राहायचा गोल लोकरी तंबू, उतरवायला वहिनी चोल्पोन, म्हातारा सागिन आणि बुरुल, तिघंच. मेरिमला बुरुलने पाठीवर घेतलं. ती चार वर्षांची होती, आणि तिला घोड्यापेक्षा आत्याची पाठ आवडायची.

पाण्यात मधोमध एका दगडावरून दुसऱ्यावर जाताना बुरुलने अंग वळवलं आणि गुडघा सुटला. तिने मेरिमला गळपट्टीला धरलं म्हणून ती वाहून गेली नाही. दोघी गळ्यापर्यंत भिजल्या. पोर खोकली, रडली आणि काठावर आल्यावर "परत!" म्हणून हसली. तिला वाटलं आत्याने खेळ केला.

चोल्पोनने मुलीचे कपडे काढले, तिला आपल्या कोटात गुंडाळलं.

"काही झालं नाही, जेंगे," बुरुल वहिनीला म्हणाली. तिचे दात वाजत होते.

"नाही झालं," चोल्पोन म्हणाली.

बस, एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण त्या दिवसापासून मेरिम बुरुलकडे धावली की चोल्पोन कुठूनतरी हाक मारायची, "मेरिम, आत्याला त्रास देऊ नकोस गं, इकडे ये." अगदी प्रेमाने. शेजारच्या बायका तान्ही पोरं एकमेकींच्या मांडीवर देत, तेव्हा ती बुरुलला ओलांडून पुढे जात. कुणी मुद्दाम करत नव्हतं. हात आपोआप वळत होते.

शाळा उघडायच्या आधी ती बिश्केकला गेली.

*

एमिल कारिपोविच पंचावन्नच्या घरातला, जाड बोटांचा डॉक्टर. त्याच्याकडे असलेच गुडघे यायचे, दुसऱ्या कुणीतरी आधी उघडलेले. त्याने बुरुलला पलंगावर झोपवून पाऊल हातात धरलं, पाय किंचित आत वळवला आणि हळूहळू दुमडत नेला. मध्येच गुडघ्यात खटकन काहीतरी जागेवर आलं. बुरुलने डोळे मिटले.

"रोज होतं हे?"

"वळले की."

"आणि कधीपासून?"

"आठ वर्षं झाली असतील."

"आठ वर्षं," तो म्हणाला. "आणि आत्ता सुचलं. कुस्ती परत खेळायचीय?"

"नाही."

"मग?"

हा प्रश्न गावातही सगळ्यांनी विचारला होता. खेळायचं नाही तर कापून कशाला घ्यायचं? चोल्पोनने विचारलं, हेडमास्तरांनी विचारलं, वडिलांनी न विचारता विचारलं. तिथे तिला उत्तर आलं नव्हतं. इथे, अनोळखी माणसासमोर, आलं.

"मला पाऊल टाकायच्या आधी पाऊल बघायचं नाही."

डॉक्टरने मान हलवली आणि तिला स्कॅनला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पडद्यावर तिच्या हाडांचे काप एकामागून एक दाखवले. पहिल्या खेपेला शिरांची दोरी बसवली तेव्हा वरचं भोक थोडं पुढे पडलं होतं. त्यामुळे दोरी तिरकी बसायची ती उभी बसली. पुढेमागे धरायची, वळताना सोडायची. "त्या डॉक्टरला शिव्या देऊ नकोस," तो म्हणाला. "तेव्हा सगळे तिथेच पाडायचे. मीसुद्धा." आणि तू लवकर खेळलीस, हे तो बोलला नाही, पण तिने ऐकलं. दोरी भोकात इतकी वर्षं हलत राहिली, भोकं रुंदावत गेली. आता त्यात करंगळी जाईल.

"मग नवीन दोरी घाला."

"कशात घालू? भोक मोठं, दोरी बारीक. आणि योग्य जागी नवं भोक पाडायला गेलो, तर ते जुन्यात कोसळेल. आधी जुना माल काढायचा, स्क्रू काढायचा, तुझ्याच कमरेच्या हाडाचा चुरा घेऊन ती भोकं ठासून भरायची. मग थांबायचं. हाड भरलं, की परत उघडायचं आणि नवीन दोरी."

"थांबायचं म्हणजे?"

"हिवाळाभर. आणि तोपर्यंत गुडघ्यात दोरीच नसेल. जुनी कामाची नव्हती, पण होती. आता तीही नसेल. बर्फावर घसरलीस तर हाडांमधल्या मऊ गाद्या जातील, मग माझ्याकडे येऊ नकोस. घरी कोण आहे?"

बुरुलने विचार केला. घरी संडास अंगणाच्या पलीकडे होता, आणि अंगण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत काचेसारखं.

"घर राहू दे," ती म्हणाली. "मी इथेच राहीन."

वडिलांना तिने फोनवर समजावलं. सागिन आयुष्यभर युर्तचे सांगाडे करत आला होता, आणि आता त्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती ओरडून बोलली आणि दवाखान्याच्या बाकावरच्या सगळ्यांना तिच्या गुडघ्याची माहिती झाली.

"कळलं, कळलं," सागिन म्हणाला. "भोक सैल झालं, की खुंटी ठोकून बुजवायचं आणि शेजारी नवं पाडायचं. त्याला हिवाळा कशाला लागतो? मी दुपारच्या जेवणाआधी करतो."

तिने फोन डॉक्टरच्या तोंडापुढे धरला.

"बाबा," डॉक्टर मोठ्यांदा म्हणाला, "तुमच्या लाकडाला मेलेलं असण्याचा फायदा आहे. हाड जिवंत आहे. ते त्याच्या मर्जीने काम करतं!"

पलीकडे सागिनने लाकूड खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "हे खरं बोलला."

*

पहिल्या ऑपरेशनला कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं. ती जागी होती. एमिल कारिपोविच कापडाच्या आडून म्हणाला, "बघायचंय? काहींना आवडतं, काहींना नाही. पडदा वळवू?"

"वळवा."

तिने आपल्या गुडघ्याच्या आत पाहिलं. पाणी खेळवलेलं होतं, सगळं पांढरं आणि गुलाबी, स्वच्छ. त्यात एका बाजूला काहीतरी मळकट, विसविशीत पडलं होतं, जुन्या दोराचं टोक पिंजावं तसं. मागच्या बंधावर मान टाकल्यासारखं चिकटलं होतं.

"ही तुझी जुनी," डॉक्टर म्हणाला. "कशालाच धरून नाही. शेजाऱ्याच्या आधाराने पडलीय."

बुरुलने इतकी वर्षं त्या गुडघ्याला शिव्या घातल्या होत्या. आता तिला वाटलं, ही तर माझ्या मांडीची शीर. तिला तिच्या जागेवरून उपटून आणलं, कधी केलं नव्हतं ते काम दिलं, आणि नीट मुरायच्या आत मी तिच्यावर अल्माटीत तीन कुस्त्या मारल्या. पडद्यावर एक बारीक चिमटा आला आणि तिचे लचके काढू लागला.

"त्याचं काय करता?" तिने विचारलं.

"कशाचं?"

"ह्या... तिचं."

"थोडं तपासणीला. बाकी काय करणार? कचऱ्यात."

नर्सने तिच्या डोळ्यांच्या कडा पुसल्या. "दुखतंय का?"

"नाही," बुरुल म्हणाली. आणि खरंच दुखत नव्हतं.

मग कमरेच्या वरच्या काठावरून हाड घेतलं, त्याचा चुरा केला आणि एका नळीतून भोकांमध्ये भरून दांड्याने ठोकला. ठोकल्याचा हादरा तिला हनुवटीपर्यंत आला. गुडघ्यापेक्षा कमरच पुढे जास्त दुखली. कूस बदलता येईना.

त्या खोलीत दुसरा पलंग होता आणि मध्ये पडदा. पडद्यापलीकडे बेक्तुर नावाचा कोक-बोरू खेळणारा पोरगा होता. घोड्यावर बसून मेंढ्याचं धड हिसकावण्याच्या त्या खेळात त्याचा गुडघा दोन घोड्यांमध्ये चिरडला होता. त्याचीही जुनी दोरी तुटलेली, पण भोकं बरी होती, म्हणून दुसऱ्या पायाची शीर काढून एकाच खेपेत उरकलं होतं. त्याच्याकडे माणसांची रीघ. मित्र, काका-मामा, घोड्याचे मालक, एकजण तर चाबूक घेऊनच आला होता. खोलीत घोड्याच्या घामाचा आणि मांसाचा वास भरलेला असायचा. हसणं, आरडाओरडा. बुरुल भिंतीकडे तोंड करून पडायची, म्हणजे त्यांना अवघडायला नको.

बेक्तुरची आई सोनुन आपा दोन दिवस पडद्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने पडदा सरकवला, बुरुलच्या पलंगावर कणकेच्या तळलेल्या गोळ्यांची, बोर्सोकांची थाळी ठेवली आणि स्वतःही बसली.

"कुणाची गं तू?"

"कोच्कोरची. सागिन सुताराची."

"बरोबर कोण आलंय?"

"कुणी नाही, आपा. वडील म्हातारे आहेत, भाऊ मॉस्कोत."

"नवरा?"

"नाही."

"आई?"

"गेली."

सोनुन आपाने एक बोर्सोक उचलून तिच्या हातात कोंबला. "खा. देव तुझं भलं करो, आणि तुझ्या माणसांना थोडी लाज देवो. एवढी मोठी पोर, कमरेचं हाड काढलंय, आणि पाणी द्यायला कुणी नाही. माझ्या ह्या गाढवाला बघ, एक पाय दुखतो तर अर्धं गाव आणलंय."

"आई, ती ऐकतेय," पडद्यामागून बेक्तुर म्हणाला.

"ऐकू दे! तूही ऐक. डॉक्टर काय म्हणाला? वर्षभर घोडा नाही."

"हो हो."

"हो हो म्हणतो. ह्याचा बाप पण हो हो म्हणायचा."

बुरुल खूप दिवसांनी हसली आणि कमरेत कळ आली.

*

तिची एक मावसबहीण इस्तंबूलला कामाला होती, तिची बिश्केकमधली खोली रिकामीच होती. पाचवा मजला. बुरुल कुबड्या घेऊन तिथे राहायला गेली. दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघरात दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर होतं आणि खिडकीत मेलेली कुंडी. तिने कुंडी फेकली, कॅलेंडर तसंच ठेवलं; त्यावर एका तळ्याचं चित्र होतं आणि भिंत फार मोकळी दिसली असती.

कुबड्या सुटल्यावर तिने त्याच इमारतीच्या तळघरातल्या शिवणाच्या कारखान्यात काम धरलं. बसून करायचं काम, बायकांच्या झग्यांना बाह्या लावायच्या. यंत्राचं पायडल उजव्या पायाने चालायचं, आणि आजारी गुडघा डावा. तिथे पंधरा-वीस बायका, सगळ्यांच्या कानात फोनच्या तारा. कुणी मॉस्कोतल्या नवऱ्याशी बोलत होती, कुणी गावातल्या पोरांशी. सगळ्या बोलत होत्या, पण शेजारच्या खुर्चीशी कुणी बोलत नव्हतं. बुरुलने एकदा शेजारणीला विचारलं, "तू कुठली?" त्या बाईने कानातली तार काढली, "काय?" म्हणाली, आणि बुरुललाच उगाच त्रास दिल्यासारखं वाटलं.

गुडघ्याला लोखंडी पट्ट्यांचा आधार बांधलेला असायचा. पण तो काढून पलंगावर पाय लांब केला, की तिला आतली रिकामी जागा कळायची. पूर्वी तिथे काहीतरी होतं, निकामी का होईना. आता दोन हाडं एकमेकांवर नुसती टेकलेली होती, सवयीने. ती हात फिरवायची आणि म्हणायची, "भर बाबा, भर." आणि मग आपण कुणाशी बोलतोय हे लक्षात येऊन गप्प व्हायची.

हिवाळ्याच्या मध्यावर चोल्पोनचा फोन आला. तिलेकने मॉस्कोत खोली घेतली होती. ती आणि मेरिम जाणार होत्या. विमान बिश्केकहूनच होतं, पण वेळ फार थोडा होता.

"मी विमानतळावर येते," बुरुल म्हणाली.

"अगं, बर्फ आहे. तू कशी येशील? पडलीस म्हणजे?" आणि मग, आवाज बदलून, "बुरुल, त्या ओढ्याचं मनात धरू नकोस हं. मी घाबरले होते, बाकी काही नाही."

"नाही धरलं, जेंगे."

"मेरिमशी बोल."

मेरिम फोनवर फक्त श्वास घेत होती. फोनवर कसं बोलायचं हे तिला अजून कळत नव्हतं. बुरुलने "मेरिम? अगं मेरिम?" केलं, आणि पलीकडून "आत्या, आमच्याकडे नवीन बूट आहेत" असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

आता गावात सागिन एकटा होता. बुरुल म्हणाली, मी येते, बाबा, काम सोडते.

"येऊन काय करशील? अंगणात घसरशील आणि तो डॉक्टर मला बोलेल. तुझं हाड भरू दे."

"तुम्ही जेवता का?"

"काय?"

"जेवता का!"

"वाळुंजाच्या काठ्या आल्यात चांगल्या. सरळ. ह्या वर्षी सरळ आल्यात."

असं त्यांचं बोलणं व्हायचं. ती जेवणाचं विचारायची, तो काठ्यांचं सांगायचा. दोघांनाही दुसऱ्याचं उत्तर कळायचं.

*

बर्फ वितळल्यावर पुन्हा स्कॅन झाला. एमिल कारिपोविचने पडद्याला बोट लावलं. जिथे काळी भोकं होती तिथे आता राखाडी, दाणेदार हाड होतं, आजूबाजूच्या हाडात मिसळलेलं.

"छान," तो म्हणाला. "तुझं हाड आज्ञाधारक आहे. तुझ्यासारखं नाही." मग खुर्ची तिच्याकडे ओढली. "आता सांग. नवीन दोरी कुठून घेऊ? मागच्या शिरा तर गेल्या. पुढची एक आहे, वाटीच्या खाली. मजबूत. पण ती घेतली की बरेच जण गुडघ्यावर टेकू शकत नाहीत, टोचतं. तुझं गुडघ्यावर बसणं किती?"

बुरुलने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही शहरात जन्मलात का?"

"हो. का?"

"आमच्याकडे सगळंच गुडघ्यावर असतं. दूध काढणं, कणीक तिंबणं, लोकरीचा नमदा लाटणं. मेलेल्याला रडणंसुद्धा गुडघ्यावर."

डॉक्टरने तिच्या गुडघ्यावरचं बोट वाटीच्या वर सरकवलं. मग म्हणाला, "तर मग वाटीच्या वरची घेऊ. मांडीच्या मोठ्या स्नायूची, टोकाला वाटीच्या हाडाचा तुकडा ठेवून. ती खाली टेकत नाही. फक्त मांडी रुसेल, बरेच महिने. आणि बाहेरच्या बाजूने मांडीच्या पट्ट्याची एक फीत काढून आडवी ताणून शिवतो, म्हणजे वळताना सगळा भार एकट्या नव्या दोरीवर येणार नाही. एकदा जे निसटलं त्याला दोन ठिकाणी बांधलेलं बरं."

या खेपेलाही त्याने पडदा वळवला. बुरुलने थोडा वेळ पाहिलं. नवं भोक खाली आणि मागे पडत होतं, भरलेल्या हाडातून, आणि पाण्यात हाडाची पांढरी पूड उडत होती. दोरी आत ओढून ताणली. डॉक्टरने पाय दुमडला, आत वळवला, परत सरळ केला. खटका आला नाही. त्याने पुन्हा करून पाहिलं. त्याने नर्सकडे बघून भुवया उडवल्या, आणि बुरुलला ते दिसलं.

त्या दिवशी खोलीत दुसरा पलंग रिकामा होता. संध्याकाळी एक बाई लादी पुसायला आली, तिने विचारलं, "कुणाला बोलवू का?" बुरुल म्हणाली, "नको." मग म्हणाली, "खिडकी थोडी उघडा." बाहेर पोपलरचा कापूस उडत होता. त्यातला थोडा आत आला आणि रिकाम्या पलंगावर बसला.

मांडी खरंच रुसली. व्यायामाची बाई म्हणायची, "आवळ," आणि बुरुल आवळायची, पण मांडीत काहीच हलायचं नाही, दुसऱ्याच कुणाची तरी असल्यासारखी. जिने आयुष्यभर अंगाला हुकूम सोडले, ती आता मूठभर स्नायूची मनधरणी करत बसली. पण या खेपेला तिने घाई केली नाही. घाई करायला पलीकडे कुणी उभंच नव्हतं.

त्या व्यायामाच्या खोलीत एक दिवस सोनुन आपा भिंतीला टेकून बसलेली दिसली. शेजारी बेक्तुर, कुबड्या घेऊन. काका-मामा नाहीत, मित्र नाहीत, चाबूकवाला नाही.

"नौरूझच्या सणाला खेळला," सोनुन आपा म्हणाली. नमस्कारही केला नाही, जणू मधले महिने गेलेच नव्हते. "फक्त उभा राहतो म्हणाला. घोड्यावर कोण उभा राहतं, सांग मला? आता ह्याचीही भोकं मोठी झालीत. आता तुझ्यासारखं."

बेक्तुर खाली बघत होता. आपा पाणी आणायला गेली तेव्हा त्याने थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं हळूच विचारलं, "एजे, ते भोक भरेपर्यंत काय करायचं असतं?"

बुरुलने खूप विचार केला. काहीतरी चांगलं सांगावं असं तिला वाटत होतं.

"मी बाह्या शिवल्या," ती म्हणाली.

"मला शिवता येत नाही."

"मलाही येत नव्हतं."

तो हसला नाही. पण थोड्या वेळाने म्हणाला, "आधी रोज सगळे यायचे. आता म्हणतात, फोन कर, येतो." मग म्हणाला, "कुणाला करू?"

बुरुलने त्याच्या फोनमध्ये आपला नंबर घातला. तो हिवाळाभर अधूनमधून फोन करायचा. बोलायला दोघांकडे काही नसायचं. तो म्हणायचा, "एजे, घसरलो नाही अजून." ती म्हणायची, "मी पण." आणि ठेवायचे.

*

वर्ष उलटल्यावर एमिल कारिपोविचने तिला एका पायावर उड्या मारायला लावलं, वळायला लावलं, उतारावर पळायला लावलं. शेवटी तिचं पाऊल हातात धरून पूर्वीसारखंच वळवत दुमडलं आणि सोडलं.

"जा," तो म्हणाला. "आता कुस्ती खेळलीस तरी चालेल."

"आता माझ्याशी कोण खेळणार? मी बत्तीस वर्षांची आहे."

"मग नको खेळूस. परत येऊ नकोस म्हणजे झालं." त्याने हात पुढे केला. त्याची जाड बोटं गरम होती. दाराबाहेर पुढचा गुडघा बसलेला होता, त्यामुळे निरोप तिथेच आटोपला.

तिने मावसबहिणीच्या खोलीची किल्ली शेजारच्या घरात दिली. कारखान्यातल्या बायकांनी तिला एक झगा भेट दिला, तिनेच बाह्या लावलेला. पिशवी घेऊन ती बस-अड्ड्यावर आली. कोच्कोरची मार्शरुतका, म्हणजे भाड्याची छोटी गाडी, भरलेली होती आणि फाटकातून बाहेर पडत होती. बुरुलने हात केला. चालकाने पाहिलं नाही. मग ती पळाली. दोन भाजीच्या गाड्यांच्या मधून वळून, एका कुत्र्याला चुकवून, गटारावरून उडी मारून, आणि मागच्या दारावर थाप मारली.

आत बसल्यावर, इंजिनाजवळच्या आडव्या बाकावर, श्वास खाली बसायला लागल्यावर तिला कळलं. ती वळली होती. दोनदा. आणि खाली बघितलं नव्हतं.

तिने शेजारी पाहिलं. एक म्हातारा टोपी डोळ्यांवर ओढून झोपला होता. समोरची बाई फोनवर कुणाशीतरी बटाट्यांबद्दल बोलत होती. बुरुलने फोन काढला. मॉस्कोत सगळे कामावर असतील. बेक्तुरचं नुकतंच पुढचं ऑपरेशन झालं होतं, त्याला आज हे सांगणं बरं नव्हतं. तिने घरी लावला.

"बाबा, मी निघाले."

"कोण?"

"बुरुल! निघाले! बाबा, मी पळाले!"

"कुठे पळालीस?"

"अहो कुठे नाही! गाडी निघाली होती, मी तिच्यामागे पळाले!" आख्खी गाडी तिच्याकडे बघायला लागली. बटाट्यांवाली बाईसुद्धा थांबली.

मागे कुठेतरी रंधा खरखरत होता, म्हणजे सागिन फोन खांद्याने धरून काम करत होता.

"कशाला पळालीस?" तो म्हणाला. "तासाभराने दुसरी असते."

"हो," बुरुल म्हणाली. "असते."

"मग?"

रंधा थांबला. फोनवर वाऱ्याचा आवाज येत होता. तो दारात आला असावा.

"पोरी," सागिन म्हणाला, "रडतेस का?"

"नाही बाबा."

"बरं." तो म्हणाला, "मी चुलीवर मांस ठेवतो." आणि त्याला फोन बंद करता यायचा नाही, म्हणून त्याने तो तसाच कुठेतरी ठेवून दिला. बुरुल ऐकत राहिली. वडिलांची पावलं दूर गेली, झाकण वाजलं, पाणी ओतल्याचा आवाज आला. गाडी शहराबाहेर पडली तरी तिने फोन कानाला लावूनच ठेवला.